थायरॉईड कमी पडतो, आयुर्वेदात काय आहे? नागपूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

मी आयुर्वेदाचा वैद्य, प्रॅक्टिस नागपुरातच. ओपीडीत, फोनवर, लग्नाच्या पंगतीत वाटीत वरण पडायच्या आधी, सगळीकडे हेच प्रश्न येऊन राहिलेत म्हणून एकदाचे लिहून काढले. सगळ्यांना लागू पडेल तेवढंच लिहिलंय, तुमचा स्वतःचा डोस इथून ठरवू नका. टीएसएचचे सगळे आकडे मिलियुनिट प्रति लिटरमधले, म्हणजे तुमच्या रिपोर्टवर असतात तेच.

१. डॉक्टर म्हणाले "थायरॉईड आहे". म्हणजे नेमकं काय झालं?

थायरॉईड सगळ्यांनाच असतो हो, गळ्यात समोर, कंठाच्या जरा खाली. ही ग्रंथी मुख्यतः टी४ (म्हणजेच थायरॉक्सिन) आणि थोडंसं टी३ ही हार्मोन बनवते, त्यावर शरीराचा वेग चालतो: पचन, नाडी, शरीराची ऊब, पाळी, केस, मूड सगळं. तिला कामाला लावायचं काम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी करते, टीएसएच पाठवून. पोरगं उठत नाही तसा आईचा आवाज चढत जातो ना, तसा थायरॉईड सुस्तावला की टीएसएच चढतो. म्हणून "माझा थायरॉईड वाढला" असं सांगत येणाऱ्या बऱ्याच जणांचा खरं म्हणजे कमी झालेला असतो, वाढलेला असतो तो टीएसएच.

कमी पडला की थकवा, थंडी जास्त वाजणं, संडासला कडक होणं, त्वचा कोरडी, केस गळणं, आवाज जड होणं, चेहऱ्यावर सूज, पाळी जास्त जाणं, विसरभोळेपणा. यातलं सगळं असलंच पाहिजे असं नाही आणि यातलं बरंच काही नुसत्या रक्त कमी असण्यानंही होतं, म्हणून लक्षणं पाहून ठरवायचं नाही, रक्त तपासायचं. थायरॉईड जास्त काम करत असेल (हायपर) तर तो वेगळा आजार, हे पान त्याच्यासाठी नाही.

२. टीएसएच ७ आला, टी४ नॉर्मल आहे. गोळी चालू करावी लागते का?

बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ धरतात. टीएसएच थोडा वर आणि टी४ नॉर्मल याला सबक्लिनिकल म्हणतात. एकाच रिपोर्टवर घाई करू नका, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासला तर अनेकांचा आपोआप खाली आलेला दिसतो. १० च्या वर टिकून असेल तर डॉक्टर बहुधा गोळी देतातच. ४.५ ते १० च्या मधल्यांचं वय, लक्षणं, कोलेस्टेरॉल, अँटी-टीपीओ (प्रतिकारशक्ती ग्रंथीवरच उलटलीय का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि मूल हवंय का, हे बघून ठरतं. आणि खरं सांगायचं तर आयुर्वेदाला काम करायला सगळ्यात मोकळी जागा याच मधल्या पट्ट्यात आहे. टी४ च कमी असेल तर मात्र गोष्ट वेगळी, प्रश्न ४ बघा.

३. आपल्या ग्रंथांत हा आजार आहे का हो? का नंतर जोडलाय?

हायपोथायरॉईड असा एका नावाचा आजार संहितांमध्ये नाही. रक्तातला टीएसएच मोजायची सोय तेव्हा कुठली. आहे तो गलगंड, म्हणजे गळ्याला येणारी सूज. सुश्रुत निदानस्थानात त्याचे वातज, कफज आणि मेदोज असे तीन प्रकार सांगतात. त्याच अध्यायात कुठला रुग्ण वैद्यानं हाती घेऊ नये तेही आहे: श्वास घ्यायला त्रास, आवाज फाटलेला, तोंडाला चव नाही, खंगलेला, आणि दुखणं वर्षाच्या पलीकडे गेलेलं. आजही गळ्यात गाठ आणि सोबत आवाज बसलेला किंवा गिळताना, श्वास घेताना अडतंय असं कुणी सांगितलं तर मी काढा लिहीत बसत नाही, आधी सोनोग्राफीला पाठवतो.

पण गलगंड म्हणजे हायपोथायरॉईड असं सरसकट समीकरण मांडू नका. गाठ असून थायरॉईडचं काम नॉर्मल असू शकतं, आणि गाठ अजिबात नसताना टीएसएच ४० असू शकतो. आजचे वैद्य लक्षणांवरून याकडे अग्निमांद्य म्हणून बघतात, म्हणजे जठराग्नी (पोटातली पचनशक्ती) मंद आणि त्याच्यासोबत धात्वग्नीही (शरीराच्या धातूंमधली पचनशक्ती) मंद, मग कफ आणि मेद साचतो, रसधातू म्हणजे अन्नाचा पहिला पोषक रस नीट तयार होत नाही. थंडी, जडपणा, सूज, आळस हे कफाचं. कोरडी त्वचा आणि बद्धकोष्ठ हे वाताचं. उपचाराची दिशा त्यावरून ठरते, टीएसएचच्या आकड्यावरून नाही. आकडा हा उपचार लागू पडतोय का ते तपासायला.

४. आयुर्वेदानं गोळी कायमची सुटते का? आमच्या शेजारच्या काकूंची सुटली.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर ऐकून काही लोक माझ्याकडे परत येत नाहीत, चालतंय.

आधी कारण बघा. आपल्याकडे मोठं कारण हाशिमोटो, ज्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला हळूहळू खाते. ग्रंथीचा बराच भाग गेला असेल तर तो परत उगवून देणारं औषध ना ॲलोपॅथीत आहे ना आमच्याकडे. ऑपरेशननं ग्रंथी काढलेली असेल किंवा रेडिओआयोडीन दिलेलं असेल तर प्रश्नच मिटला, गोळी जन्मभर. थायरॉक्सिनची गोळी म्हणजे जे हार्मोन शरीर बनवत नाही तेच बाहेरून देणं. कांचनारात थायरॉक्सिन नाही, अश्वगंधेतही नाही.

मग काकूंची कशी सुटली? सुटत असते कधी कधी. बाळंतपणानंतरचा थायरॉईडायटिस (ग्रंथीची सूज) बऱ्याच जणींचा वर्षभरात आपोआप जातो. व्हायरल तापानंतर गळा दुखून जो होतो तोही बहुधा जातो. लिथियम किंवा अमिओडॅरोनसारख्या औषधानं झाला असेल तर ते औषध बदलल्यावर सुधारू शकतो. आणि सबक्लिनिकलमध्ये तर मुळात गोळीची गरज नसतानाच चालू झालेली असते. या काळात जे काही घेतलं, काढा म्हणा की धण्याचं पाणी म्हणा, श्रेय त्याला जातं. काही जणांत आयुर्वेदानं खरंच फरक पडला असेल, मी नाही म्हणत नाही, पण काकूंचं कारण कोणतं होतं ते माहीत नसताना तुमची गोळी बंद करायला मी सांगणार नाही.

मग आयुर्वेद कशाला? कारण टीएसएच २ वर आला तरी पोट साफ नाही, जेवण जड पडतं, अंग दुखतं, सकाळी उठवत नाही अशा तक्रारी घेऊन भरपूर लोक येतात, आणि तिथे आमच्या दीपन-पाचनाचा (भूक आणि पचन सुधारणाऱ्या औषधांचा), आहाराचा, दिनचर्येचा चांगला उपयोग होताना मी रोज बघतो. गोळी कमी करायचीच असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरनं, पायरीपायरीनं, दर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच बघत. एकदम बंद केली तर पहिले काही दिवस काहीच वाटत नाही, कारण थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. लोक त्यालाच "बघा, गोळीशिवाय बरं वाटून राहिलं" समजतात आणि मग दीड-दोन महिन्यांनी सुजलेला चेहरा घेऊन येतात.

५. कांचनार गुग्गुळ सगळेच सांगतात. मी सुरू करू का?

शार्ङ्गधर संहितेतला योग आहे. कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वरुण, वेलची, दालचिनी, तमालपत्र आणि गुग्गुळ. ग्रंथात तो गंडमाळा, ग्रंथी, अर्बुद अशा गाठींच्या आजारांत सांगितलाय, म्हणजे गाठ आणि कफ-मेद असेल तिथे तो शोभतो. नुसता टीएसएच वाढला, बाई बारीक आहे, त्वचा कोरडीठक्क, झोप नाही, तिथे मी तो पहिला हाताशी घेत नाही, तरी गुगल बघून तोच मागतात.

बाजारात बहुतेक २५० किंवा ५०० मिलिग्रॅमच्या काळपट गोळ्या मिळतात, कडक असतात, काही जणांना चावून किंवा कुटून कोमट पाण्यासोबत घ्यायला सांगतो कारण तशाच गिळल्या तर पोटात नीट विरघळत नाहीत असा अनुभव आहे. गुग्गुळानं काहींना अंगावर पुरळ येतं, जुलाब होतात, ॲसिडिटी वाढते. गरोदरपणात नाही. पाळीला फार रक्त जात असेल तर नाही. रक्त पातळ करायची गोळी, प्रोप्रानोलॉल किंवा डिल्टियाझेम (बीपी-हृदयाच्या गोळ्या) चालू असेल तर वैद्याला आधी सांगा. उंदरांवरच्या प्रयोगांत गुग्गुळातल्या घटकानं थायरॉईडचं काम वाढलेलं दिसलंय, माणसांत तेवढा भक्कम पुरावा नाही.

जाता जाता, कांचन म्हणजे दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली जी मोठी पानं विकतात ना, तेच झाड. पानं उकळून पिऊ नका, औषधात साल लागते.

६. अश्वगंधेनं थायरॉईड सुधारतो असं वाचलं. खरंय?

थोडं खरं आहे. २०१८ मध्ये ५० सबक्लिनिकल रुग्णांवर एक अभ्यास छापून आला, रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क ८ आठवडे, आणि प्लासिबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत टीएसएच, टी३, टी४ सुधारले. पण ५० माणसं आणि ८ आठवडे, एवढ्यावर गोळी सोडायची नसते. उलट बाजूही आहे: अश्वगंधा घेऊन थायरॉईड जास्तच पळायला लागल्याच्या आणि यकृताला त्रास झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. थायरॉक्सिनसोबत घेताना छाती धडधडणं, हात थरथरणं, झोप उडणं, वजन झपकन उतरणं यातलं काही झालं तर थांबवा आणि टीएसएच करा. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तरी थांबवून लगेच दाखवा. गरोदर असाल तर घेऊच नका. "स्ट्रेससाठी" म्हणून जिममधून आणलेल्या डब्याला पण हेच लागू.

७. सकाळची थायरॉईडची गोळी आणि आयुर्वेदिक औषध एकत्र चालतं का? किती अंतर ठेवू?

चालतं, पण एकाच घोटात नाही. थायरॉक्सिन उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, त्यानंतर चहा-कॉफी-नाश्त्याला अर्धा ते एक तास. सकाळी तर्री पोह्याचा प्लॅन असेल तर गोळी आधी, तर्री नंतर.

आता मुद्द्याचं, जे कुणी सांगत नाही. डॉक्टर सांगतात की कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून ४ तास लांब ठेवा, कारण त्या आतड्यात त्याला पकडून ठेवतात. पेशंट ते पाळतो आणि त्याच वेळी शंख भस्म, प्रवाळ, कामदुधा, गोदंती घेतो, हे सगळं कॅल्शियमच. पुनर्नवा मंडूर, लोह भस्म, नवायस लोह, हे लोहच. आयुर्वेदिक आहे म्हणून आतड्याला फरक कळत नाही. इसबगोल आणि त्रिफळासारखी चूर्णंही गोळीच्या वेळेला नको, रात्री घ्या. एका ताईंचा टीएसएच काही केल्या उतरत नव्हता, डोस दोनदा वाढला होता. सगळ्या पुड्या, डब्या टेबलावर मांडायला लावल्या तर सकाळी गोळी गिळली की पाचव्या मिनिटाला ॲसिडिटीची पांढरी पुडी मधात चाटत होत्या. पुडी दुपारच्या जेवणानंतर नेली, पुढच्या तपासणीत आकडा खाली.

मी साधारण असं बसवतो: पहाटे गोळी, नाश्त्यानंतर काही नाही, जेवणाच्या आधी-नंतर दुपारी आणि संध्याकाळी आयुर्वेदिक औषधं, रात्री पोट साफ व्हायचं चूर्ण. दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा, लपवू नका, कुणी रागावत नाही आणि रागावलं तर रागावू द्या.

८. नागपूरच्या उन्हाळ्यात गोळी खराब होते का?

होऊ शकते. थायरॉक्सिनला ऊन, दमट हवा आणि उजेड सोसत नाही, बाटलीवर किती तापमानाच्या खाली ठेवायची ते छापलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपात तर विचारूच नका, मग सीताबर्डीत पार्क केलेल्या स्कूटीच्या डिक्कीत काय होत असेल. डिक्की, गाडीचा डॅशबोर्ड, गॅसजवळची फळी, कूलरच्या ओल्या हवेसमोरचा टेबल, या चारही जागा बाद. बेडरूमच्या कपाटात आतल्या कप्प्यात, मूळ बाटलीतच, झाकण घट्ट. आठवड्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवायची सवय असेल तर उन्हाळ्यात सोडा. उन्हाळ्यातच टीएसएच कारण नसताना चढला तर डोस वाढवायच्या आधी गोळी कुठे ठेवता ते सांगा. गुग्गुळाच्या गोळ्याही उन्हात चिकटून गोळा होतात, त्याही सावलीतच.

९. कोबी, सोयाबीन, जवस बंद करू का?

कोबी, फुलकोबी, मुळा शिजवून, रोजच्या भाजीच्या मापात खा, काही होत नाही. कच्च्या कोबीचा ज्यूस रोज ग्लासभर पिणारे असतात, तेवढं नको. सोयाबीन आपल्या विदर्भाचं पीक, पण सोयाचं पीठ, वड्या, दूध हे गोळीच्या शोषणात अडथळा करतं, म्हणून सकाळी गोळीच्या आसपास नाही, आणि रोज खाणार असाल तर रोजच सारखं खा म्हणजे डोस त्यावर बसवता येतो. जवसाची चटणी चमचाभर, भाकरीसोबत, बिनधास्त. बाजरी कधीमधी चालते, पण रोज दोन्ही वेळा तीच असेल तर ज्वारीशी आलटून पालटून घ्या, बाजरीत थायरॉईडला अडवणारे घटक असल्याचं अभ्यासात आलंय.

आयुर्वेदाच्या बाजूनं सांगायचं तर मूग, कुळीथ, ज्वारी, पडवळ, दोडका, शेवगा, ताजं ताक, आलं, मिरे, जिरे हे अग्नीला मदत करणारं. दही रात्री नको, शिळं नको, फ्रिजमधलं गारढोण पाणी नको, जेवून लगेच दुपारी आडवं व्हायचं नको. सावजी रस्सा महिन्यातून एखाद वेळ खाल्ल्यानं टीएसएच वाढत नाही, ॲसिडिटी वाढते. संत्री खा, फक्त गोळीसोबत संत्र्याचा रस नको, पाणीच.

१०. वैद्य सैंधव खा म्हणतात, डॉक्टर आयोडीनवालं. कुणाचं ऐकू?

आयोडीनवालं. ग्रंथांत सैंधव श्रेष्ठ सांगितलंय हे बरोबर, पण त्यात आयोडीन नगण्य असतं आणि थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीनच लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ पासून आहे तो याचसाठी, आणि घरी पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाखात १५ भाग) आयोडीन असावं असा नियम आहे. उपवासाला सैंधव वापरा, औषधासोबत चिमूटभर वापरा, पण घरातला मिठाचा डबा आयोडीनचाच ठेवा, विशेषतः घरात पोरंबाळं असतील तर. उलट टोकाला जाऊन केल्पच्या, समुद्री शेवाळाच्या गोळ्या पण घेऊ नका, जास्तीच्या आयोडीननं हाशिमोटोवाल्यांचा थायरॉईड अजून बसतो.

११. थायरॉईडमुळे १५ किलो वाढलं. काहून उतरत नाही?

कारण १५ किलो बहुधा एकट्या थायरॉईडचे नाहीत. थायरॉईडचं म्हणून जे वाढतं ते साधारण २ ते ४ किलो, त्यातही बरंचसं साचलेलं पाणी. टीएसएच जागेवर आला की तेवढं उतरतं आणि मग गाडी अडते, तिथून पुढे जेवण आणि चालणं. चरकांनी स्थौल्यासाठी म्हणजे लठ्ठपणासाठी पचायला जड पण पोषण कमी देणारं अन्न सांगितलंय, जव, मूग, ताक, मध, त्रिफळा. रात्रीचं जेवण ८ च्या आत आणि अंबाझरी तलावाला नाही तर घरासमोरच्या रस्त्यावर ४० मिनिटं, घाम येईल असं. वजन उतरवायला थायरॉक्सिनचा डोस स्वतःच्या मनानं वाढवू नका, हृदय आणि हाडं दोन्ही बिघडतात.

१२. पंचकर्म करावं का? कोणतं?

सगळ्यांना लागत नाही. कफ आणि मेद फार साचलाय, माणूस बऱ्या ताकदीचा आहे, तर वसंतात वमन (औषधानं उलटी करवणं), नाहीतर विरेचन (औषधानं जुलाब करवणं), सोबत उद्वर्तन म्हणजे कोरड्या चूर्णानं उलट्या दिशेनं चोळणं. इथे एक नागपुरी अडचण: वसंत म्हणजे फाल्गुन-चैत्र आणि आपल्याकडे चैत्रातच ऊन चटके द्यायला लागतं, म्हणून मी वमन शक्यतो होळीच्या आसपास उरकतो. गरोदर, हृदयरोगी, फार म्हातारी, फार अशक्त माणसं, आणि ज्यांचा टीएसएच खूप वर आहे नि गोळी अजून सुरूच नाही, यांना वमन नको. पंचकर्माच्या दिवसांतही थायरॉक्सिन चालूच. पार्लरमध्ये "डिटॉक्स पंचकर्म" लिहिलेलं असतं ते हे नाही.

१३. सर्वांगासन, उज्जायी वगैरे?

करा, बरं वाटतं, झोप आणि बद्धकोष्ठ सुधारतं. त्यानं टीएसएच उतरतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. मानेचा त्रास, बीपी, काचबिंदू किंवा गळ्याला मोठी गाठ असेल तर सर्वांगासन-हलासन टाळा, उज्जायी पुरे.

१४. अँटी-टीपीओ ६०० आलंय. ते कमी करायचं औषध द्या. गहू सोडू का?

अँटी-टीपीओ वाढलेलं म्हणजे कारण हाशिमोटो, एवढं त्यातून कळतं. ते एकदा कळलं की दर महिन्याला तपासून पैसे घालवू नका, उपचार त्या आकड्यावर नाही, टीएसएच-टी४ वर चालतो. गव्हाचं म्हणाल तर सीलिॲक हा गहू न सोसण्याचा आजार हाशिमोटोवाल्यांत जरा जास्त दिसतो, तेव्हा सतत जुलाब, रक्त न वाढणं असेल तर त्याची तपासणी करा. नसेल तर पोळी बंद करायची गरज नाही. ज्वारीची भाकरी खा, पण आवडते म्हणून.

१५. प्रत्येक वेळी टीएसएच वेगळा येतो. लॅब चुकते का?

कधी कधी. पण आधी हे बघा: पहाटे टीएसएच जास्त असतो आणि दुपारी कमी, हिवाळ्यात जरा चढतो, म्हणून दरवेळी एकाच लॅबमध्ये, सकाळी, गोळी घ्यायच्या आधी रक्त द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का? त्या दोन-तीन दिवस आधी बंद, नाहीतर बऱ्याच मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो. डोस बदलल्यावर ६ आठवड्यांच्या आत तपासलं तर तो अर्धवट आकडा असतो. बाकी गोळीचं अंतर प्रश्न ७ मध्ये आणि उन्हाळ्याचं ८ मध्ये आहे.

१६. निर्जळी उपवास, रोजा असेल तर गोळी कशी घ्यायची?

रात्री. शेवटच्या खाण्यानंतर ३ तासांनी, झोपताना, पाण्यासोबत. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी कायम रात्री घेतली तरी चालते, फक्त आज सकाळी उद्या रात्री असं करू नका. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका.

१७. दिवस गेलेत, आयुर्वेदिक औषध आणि गोळी दोन्ही चालू आहे. काय करू?

गोळी बंद करायची नाही, उलट डोस बहुधा २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, कारण पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतं. दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात टीएसएच करा आणि डॉक्टरांना फोन करा, पुढे गरोदरपणाचे निम्मे महिने होईपर्यंत दर ४ आठवड्यांनी. कांचनार गुग्गुळ, अश्वगंधा, भस्मं सगळं त्याच दिवशी बंद. सासूबाई म्हणतील आयुर्वेदिकच आहे, काही होत नाही. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

१८. नवजात बाळाचा टीएसएच वाढलाय, गुटी दिली तर चालेल का?

नाही. इथे एक दिवसही घालवू नका. जन्मतः थायरॉईड नसेल किंवा कमी असेल आणि थायरॉक्सिन पहिल्या दोन आठवड्यांच्या आसपास सुरू झालं नाही तर बुद्धीची वाढ कायमची खुंटते. लगेच बालरोगतज्ज्ञ. यात आयुर्वेदाचं काही काम नाही.

१९. "९० दिवसांत थायरॉईड मुळापासून" अशी पुडी मागवली तर?

मागवू नका. गलगंड बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषध आणि चमत्कारी उपाय कायद्यानं बंद आहे. उघड्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा साधारण पाचात एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. डबीवर लायसन्स नंबर, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. इतवारीत किराणा ओळीतून साल, हिरडा-बेहडा आणायला हरकत नाही, पण वैद्याला दाखवून मगच वापरा.

२०. नागपुरात दाखवायचं कुठे?

आयुर्वेदासाठी सक्करदऱ्याचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि हनुमाननगरचं श्री आयुर्वेद महाविद्यालय, दोन्हीकडे रुग्णालय आहे. कायचिकित्सा (औषधोपचाराच्या) विभागात जा, जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. थायरॉईडच्या गोळीसाठी मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानचं एम्स.

२१. टीएसएच एकदम नॉर्मल आहे, तरी सगळी लक्षणं आहेत. मग?

आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), बी१२, व्हिटॅमिन डी, साखर बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं, आणि झोप व नैराश्य पण विचारून घ्या. क्वचित पिट्युटरीच बिघडलेली असते, तेव्हा टीएसएच नॉर्मल किंवा कमी आणि टी४ मात्र कमी, म्हणून अशा वेळी नुसता टीएसएच पुरत नाही, फ्री टी४ पण करा. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं आणि नंतर दूधच आलं नाही, पाळी आली नाही, असं असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशात थायरॉक्सिनही आधी कॉर्टिसॉल तपासल्याशिवाय सुरू करत नाहीत.

२२. आजीनं दोन-तीन महिन्यांपासून गोळी सोडली होती, आता दिवसभर झोपून राहते, हातपाय गार, बोलणं अडखळतं. काढा देऊ का?

तोंडानं काहीच देऊ नका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. म्हाताऱ्या माणसात गोळी सुटलेली असताना थंडी किंवा न्यूमोनिया गाठला की अशी गुंगी येते, अंगाचं तापमान उतरतं, नाडी मंदावते, आणि हे जिवावर बेतणारं असतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली जातो तेव्हा विशेष सांभाळा. चादर-ब्लँकेट पांघरा, शेकोटी किंवा गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नका. मेडिकलच्या कॅज्युअल्टीत पोचल्यावर "थायरॉईडची गोळी सोडली होती" हे पहिलं वाक्य सांगा, आणि रिकामी असली तरी गोळ्यांची बाटली आणि वैद्याच्या सगळ्या पुड्या सोबत न्या.